दाजीपुरात गवा बघायचा तर पायीच, गाड्या फाटकाबाहेर! तुमचं मत सांगा

सह्यवाट

राधानगरी अभयारण्यात, म्हणजे आपल्या दाजीपुरात, गवे बघायला आत जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या बंद कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक-दोन पायवाटा ठरवून द्याव्यात. एका गटात जास्तीत जास्त सहा माणसं, बरोबर गावातला वाटाड्या, आणि दिवसाला मोजकेच गट. ज्यांना चालणं शक्य नाही अशा वयस्कर आणि अपंग लोकांसाठी वनखात्याची एखादी गाडी असावी. बाकीच्यांनी चालावं.

संस्थानकाळात हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते अभयारण्य झालं, आजच्या महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. पुढे १९८५ मध्ये विस्तार होऊन ते ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यातही राधानगरी आहे. एवढ्या तोलामोलाचं रान आपण बघतो कसं? रविवारी सकाळी फाटक उघडलं की गाड्या एकामागून एक धूळ उडवत सावराई सड्याकडे, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराकडे सुटतात. दहा मिनिटं थांबायचं, गवा दिसला तर फोटो, नाही दिसला तर पुढे. मागच्या हिवाळ्यात एका वळणावर कळप रस्ता ओलांडत होता. एक गाडी पुढे, एक मागे, आणि मधे अर्धा कळप. मोठ्या गाई पलीकडे गेल्या, दोन तांबूस वासरं अलीकडे अडकली. गाडीतल्या कुणाच्याच हे लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांची नजर मोबाईलच्या पडद्यावर होती.

चालताना रान वेगळं कळतं. करवंदीच्या जाळीत वाकलेल्या फांद्या दिसतात, ओल्या मातीत बैलापेक्षा मोठा खूर उमटलेला दिसतो. शेण ताजं आहे की कालचं ते कळतं. कळप दिसण्याआधी त्याचा वास येतो. मग कुठून तरी नाकातून जोरात सोडलेला फुस्कारा ऐकू येतो आणि माणूस आपोआप जागच्या जागी थांबतो. हजार किलोपर्यंत भरणारा, खांद्यापाशी सहा फूट उंचीचा प्राणी समोर उभा आहे आणि आपल्याभोवती पत्रा नाही, ही जाणीव झाली की माणूस आवाज करत नाही, कचरा टाकत नाही. रानात पाहुण्यासारखं वागायचं, हे गाडीत बसून कुणीही शिकलेलं मी पाहिलेलं नाही.

विरोध असेल तर जरूर लिहा. पण कारण द्या.

गवताची_पात

विरोध आहे आणि कारणासकट आहे. मी वन्यजीवशास्त्र शिकले आहे आणि खूरवाल्या प्राण्यांवर काम केलं आहे.

पायी जाण्याचा जो अनुभव तुम्ही लिहिलात तो माणसाचा आहे. मला गव्याच्या बाजूनं बोलायचं आहे. हरीण, सांबर, गवा अशा प्राण्यांवर जगभर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे: गाडीपेक्षा पायी माणसाला ते जास्त बुजतात, जास्त अंतरावरून पळतात आणि परत चरायला यायला जास्त वेळ घेतात. याला कारण आहे. हजारो वर्षं त्यांची शिकार पायी माणसानं केली. गाडी हा त्यांच्या लेखी एक मोठा, वास मारणारा, पण ठरल्या रस्त्यानंच जाणारा प्रकार आहे. तो अंगावर येत नाही हे ते लवकर शिकतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं. ओल राहते ती ओढ्याकाठी आणि दाट झाडीत. कळप त्या थोड्या जागांवर दिवस काढतो. तुमची पायवाट जर तिथून गेली आणि दिवसातून चार वेळा कळप उठला, तर ज्या गाईच्या पोटात वासरू आहे तिला ते महाग पडतं. माणसांचा त्रास वाढला की गवा दिवसाचं चरणं सोडून रात्री बाहेर पडतो. रात्री बाहेर पडलेला गवा कुठे जातो, ते या धाग्यावर कुणी शेतकरी असेल तर तो सांगेल.

गाड्या कमी करा, दोन गाड्यांत अंतर सक्तीचं करा, वेग बांधून द्या, कळपासमोर गाडी आडवी घालणाऱ्याचा परवाना काढून घ्या. या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. आणि ज्यांना शांतपणे बघायचं आहे त्यांच्यासाठी पाणवठ्याजवळ मचाण किंवा लपण, म्हणजे लपून बसायचा आडोसा बांधा. पहाटे जाऊन बसायचं, उन्हं वर आली की परतायचं. गव्याला तुमचा पत्ताही लागणार नाही.

शिवारातला

ताईनं विचारलंय म्हणून लिहितो. मी राधानगरी तालुक्यातला, जंगलाच्या कडेला जमीन. ऊस, भात, थोडी नाचणी.

गवा रात्री कुठं जातो? आमच्यात येतो. भात पोटरीत आलं की येतो, उसाचा कोंभ कोवळा असला की येतो. दहा-बारा जनावरं एका रात्रीत गेली की सकाळी वाफा पायानं तुडवलेला. खाल्लेलं कमी, तुडवलेलं जास्त. मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक येऊन पंचनामा करणार, आणि पैसे येतील तेव्हा येतील. थंडीत शेकोटी करून माळ्यावर रात्र काढायची, डबा वाजवायचा, बॅटरी मारायची. माझी पोरं बापाला रात्री घरात बघत नाहीत हंगामात.

आधी गवा माणसाचा वास आला की पळायचा. आता डबा वाजवला तरी मान वर करून बघतो आणि पुन्हा खातो. माणूस काही करत नाही हे त्याला कळून चुकलंय. तुम्ही शहरातनं येऊन त्याला रोज पायी माणूस दाखवणार, शांत उभा राहणारा, फोटो काढणारा, निघून जाणारा. म्हणजे त्याची उरलीसुरली भीती पण घालवणार. तुमचा छंद सकाळी नऊला संपतो. आमची रात्र तिथनं सुरू होते.

डिसेंबर २०२१ ला कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत गवे आले होते, करवीर तालुक्यात एका तरुण पोराचा जीव गेला, विसरलात काय? गवा म्हणजे बघायची वस्तू न्हवं भावा. गाडी पण नको आणि पायवाट पण नको. जंगल बंद ठेवा, आत गवत आणि पाण्याची सोय करा आणि त्याला आतच राहू द्या.

सह्यवाट

@शिवारातला, तुमच्या रात्रींबद्दल वाद नाही. पंचनाम्याला उशीर, भरपाई कमी, यावर तुम्ही धागा काढलात तर पहिला पाठिंबा माझा. पण गवा शिवारात येतो तो पर्यटकांमुळे, हे मला पटत नाही. काळम्मावाडीचं धरण झालं, खोऱ्याला पाणी मिळालं, जंगलाच्या कडेपर्यंत ऊस आला. उन्हाळ्यात डोंगर वाळलेला आणि खाली बारमाही हिरवा चारा. गवा तिकडे येणारच, आम्ही चाललो काय आणि घरी बसलो काय.

@गवताची_पात, पायी माणसाला प्राणी जास्त बुजतात हे मान्य. पण अशाच अभ्यासांत असंही दिसतं की ठरलेल्या वाटेवरून, ठरलेल्या वेळी जाणाऱ्या माणसाला ते कमी बुजतात. खरा त्रास वाट सोडून कुठूनही घुसणाऱ्यांचा आणि कुत्रं घेऊन येणाऱ्यांचा होतो. मी ठरलेल्या पायवाटेबद्दलच बोलतोय. शिवाय तुम्ही गाडीचा हिशोब एका गाडीपुरता करता आहात. रस्त्याचा हिशोब कोण करणार? तो दरवर्षी दुरुस्त होतो, रुंद होतो, कडेची झाडी तोडली जाते, तणं शिरतात. पायवाटेला यातलं काही लागत नाही.

गवताची_पात

रस्त्याचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. तो रस्ता वणवा विझवायला आणि गस्तीलाही लागतो, म्हणजे गाड्या बंद केल्या तरी रस्ता राहणारच. वर तुमच्या पायवाटा नवीन. त्रास कमी होण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वाढेल.

आणि @शिवारातला दादांचा मुद्दा इतक्या सहज बाजूला सारू नका. निलगिरीत कोटागिरी, कुन्नूर इथं चहाच्या मळ्यात आणि भर रस्त्यात गवे फिरतात. कोडाईकनालमध्ये बाजारात येतात. तिथं माणसं जखमी झाली आहेत, दगावली आहेत. लोक म्हणतात गवा माणसाळला. माणसाळलेला गवा म्हणजे ज्याच्या पळण्याचं अंतर संपलंय असा गवा. पूर्वी तो शंभर पावलांवरून निघून जायचा, आता दहा पावलांपर्यंत उभा राहतो. त्या दहा पावलांत त्याचा विचार बदलला तर तुमच्याकडे वेळच उरत नाही. म्हणजे पायवाटेचं दोनपैकी एक काहीतरी होईल: एक तर गवे तो भाग सोडतील, नाहीतर सरावतील. दोन्ही वाईटच.

रंकाळा_ते_रांगणा

मला तिसरंच म्हणायचंय. पायी जायला हरकत नाही, पण वाटाड्याची सक्ती कशाला? आम्ही वर्षानुवर्षं रांगणा, भुदरगड, गगनगड, पन्हाळा ते पावनखिंड सगळं स्वतःच्या बळावर करतोय. वाटेत गवे भेटतात, अस्वलाची विष्ठा दिसते, आम्ही आमचं बघून घेतो. अमेरिकेत यलोस्टोनला बघा. तिथं बायसन उघड्यावर फिरतात, लोक एकटेदुकटे चालतात, नियम फक्त एवढाच की बायसनपासून २५ यार्ड, म्हणजे साधारण २३ मीटर लांब राहा, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड. माणसाला शहाणं समजून नियम सांगायचा आणि मोकळं सोडायचं. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला पावती आणि सोबत माणूस. सह्याद्रीत चालायला परवानगी मागायची ही कल्पनाच मला सहन होत नाही.

गवताची_पात

@रंकाळा_ते_रांगणा, त्याच यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसांना जखमी केलंय ते बायसननं, अस्वलानं नव्हे. नियम सांगूनही लोक फोटोसाठी जवळ जातात म्हणून. आणि तिथलं माळरान मोकळं आहे, २३ मीटर डोळ्यांना दिसतात. दाजीपुरात वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याएवढी कारवी. अंतर मोजायला आधी गवा दिसायला तर हवा.

आणि परवानगीचं म्हणाल, तर अभयारण्यात ती कायद्यानंच लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, कलम २७ आणि २८. कलम २७ मध्येच वन्यप्राण्याला त्रास देऊ नये आणि कचरा टाकू नये असंही लिहिलेलं आहे.

दाजीपूरचा_वाटाड्या

सगळ्यांना नमस्कार. मी इथलाच, लोकांना रान दाखवायचं काम करतो. गाडीतूनही नेतो आणि शिवगडाच्या बाजूला पायीही नेतो. वाचत होतो, आता लिहावंसं वाटलं.

आधी रंकाळा दादांना. वाटाड्या वाट दाखवायला नसतो. वाट तुम्हाला मोबाईलवर पण सापडेल. वाटाड्या वारा बघायला असतो. गव्याचं नाक तिखट. सकाळी ऊन पडायच्या आधी गार हवा डोंगरावरनं खाली दरीत उतरते. तुम्ही वरच्या अंगाला असाल आणि कळप खाली ओढ्यात, तर तुमचा वास तुमच्या आधी तिथं पोचतो. ऊन तापलं की हवा उलटी, खालून वर. दुपारनंतर घाटमाथ्यावर कोकणाकडचा वारा चढतो, तेव्हा कड्याच्या बाजूनं गेलात की आत सगळ्यांना खबर. त्यामुळं सकाळची वाट वेगळी आणि परतीची वेगळी धरावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही तो कळपाला हाकलतच चालतो आणि घरी जाऊन सांगतो की दाजीपुरात काही दिसत नाही.

दुसरं, गवा काय सांगतो ते कळायला पाहिजे. कळपाची पुढारीण जुनी गाय असते. ती मान वर करून एकटक बघायला लागली की थांबायचं. तिनं फुस्कारा सोडला की तुम्ही जास्त जवळ गेलाय, मागं व्हायचं, पाठ न दाखवता. नर गवा आडवा उभा राहतो, पूर्ण अंग दाखवतो, पाठीचा उंचवटा ताणून. लोकांना वाटतं फोटोसाठी उभा राहिला. तो तुम्हाला सांगत असतो की मी केवढा आहे ते बघ आणि जा. त्यानंतर डोकं खाली गेलं की बोलायला वेळ नसतो. एकटा फिरणारा नर सगळ्यात जपायचा, त्यातही झाडीत बसलेला. कळप लांबून कळतो, एकटा कळत नाही. आणि वासरू दिसलं, तांबूस, पायात अजून पांढरे मोजे न आलेलं, की त्या दिशेला एक पाऊलही टाकायचं नाही, आई दिसत नसली तरी.

कधी पळायची वेळ आलीच तर सरळ वाटेनं पळू नये. जाड झाडामागं व्हावं. गव्याच्या पुढं पळून कुणी जिंकत नाही.

आता सह्यवाट सर, तुम्हाला. पायी फिरणारे वाढले तर मला आनंदच आहे. पायी आलेला माणूस दुसऱ्यांदा येतो, घरी जेवतो, नाव विचारतो. पण गाड्या एकदम बंद करा असं म्हणू नका. गावातल्या पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्यात. पुण्या-मुंबईत हॉटेलात भांडी घासायला गेलेली पोरं त्या गाड्यांमुळं परत आली. ती पुन्हा गेली तर वणवा लागला तेव्हा विझवायला गावात कोण असेल? उन्हाळ्यात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचे मोकळे पट्टे काढायला, रात्री संशयास्पद बॅटरी दिसली तर फोन करायला हीच पोरं असतात.

निवृत्त_मास्तर

मी ७४ वर्षांचा आहे, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. गेल्या मे महिन्यात नातवानं गाडीतून नेलं. हडक्याची सरी इथं संध्याकाळी गव्यांचा कळप पाण्यावर आला, आम्ही गाडी बंद करून बसलो होतो. आयुष्यभर मुलांना पुस्तकातला गवा शिकवला, तो मला त्या गाडीमुळे पाहायला मिळाला. सह्यवाट यांनी वयस्करांसाठी एखादी सरकारी गाडी म्हटलं आहे. एखादी गाडी म्हणजे रांग, ओळखपाळख, वशिला. माझ्यासारखे अनेक आहेत. तरुणांनी चालावं, जरूर चालावं, पण आमची वाट बंद करून नव्हे.

सह्यवाट

@निवृत्त_मास्तर, सर, 'एखादी' हा शब्द मी मागे घेत नाही, पण त्याची व्यवस्था नीट लिहायला हवी हे खरं. वय आणि अपंगत्व एवढाच निकष, आधी नोंदणी, आणि गाडी चालवणारा गावातलाच. म्हणजे वाटाड्या दादांनी सांगितलेल्या पोरांपैकी काहींना तिथंच काम राहील. बाकीच्यांना पायवाटेवर. केरळात पेरियारला हेच झालं आहे. तिथं एके काळी झाडांच्या साली चोरणारी, शिकार करणारी माणसं आज पाहुण्यांना पायी जंगल दाखवतात आणि त्याच वेळी गस्तही घालतात. लहान गट, सोबत हत्यारबंद वनरक्षक. ते हत्तीचं आणि वाघाचं रान आहे. तिथं जमतं तर दाजीपुरात न जमायला काय झालं?

@रंकाळा_ते_रांगणा, तुमच्याशी माझं जमणार नाही. किल्ल्यांवर आपण सगळेच मोकळे फिरलो, मीही. पण मोकळं सोडलं की काय होतं ते कर्नाटकानं पाहिलं. जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर एका सुट्टीला अशी गर्दी लोटली की सरकारला ऑनलाइन नोंदणी नसलेले ट्रेक थांबवावे लागले. आपल्याकडे पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्यावर रविवारी काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. ती गर्दी कारवीच्या वाटेनं आत गेल्याची कल्पना करा.

रंकाळा_ते_रांगणा

राऊतवाडीच्या गर्दीत आणि आमच्यात फरक आहे. आम्ही पहाटे निघणारी, प्लास्टिक परत आणणारी माणसं. दंगा करणाऱ्यांची शिक्षा चालणाऱ्यांना का? वाऱ्याचं जे वाटाड्या दादांनी लिहिलं ते सोन्यासारखं आहे, पण ते शिकता येतं. मग शिकवा. दोन दिवसांचं शिबिर घ्या, परीक्षा घ्या, जो उत्तीर्ण होईल त्याला परवाना द्या. सक्तीनं बरोबर माणूस देण्यापेक्षा माणूसच तयार करा. पुढच्या पिढीत रान ओळखणारी माणसं वाटाड्याच्या मागे चालून तयार होणार नाहीत.

शिवारातला

सगळे आपापल्या चालण्याचं बोलताय. पुण्यात डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये गवा शिरला होता. लोक त्याच्यामागं धावले, व्हिडिओ काढले, तो भिंतींवर आदळत पळत सुटला आणि शेवटी मेला. ते काही दंगेखोर न्हवते, शिकलेलीच माणसं. गवा समोर आला की माणसाचं काय होतं ते मी माझ्या शेताच्या बांधावर पण बघितलंय. उन्हाळ्यात दिवसाढवळ्या कळप ओढ्याला बसला की रस्त्यावर गाड्या लागतात, लोक बांधावर चढतात. कळप बिथरून पळाला की तो माझ्याच पिकातनं पळतो.

आणि सह्यवाट, धरणाचं आणि उसाचं म्हणालास ते खरं हाय, आमचं पिकपाणी बदललं. पण मग एक उत्तर दे. पायवाटेची नोंदणी फी जमेल, त्यातलं आमच्या शिवाराला काय? सौरकुंपण देणार? रात्री राखणीला माणूस देणार? गवा बघायचे पैसे जिथं मिळतात तिथं, आणि गवा सोसायचा आम्ही फुकट, हे किती दिवस चालणार?

दाजीपूरचा_वाटाड्या

शिवारातल्या दादांचं हे म्हणणं आमच्या गावातही निघतं. माझ्या भावकीतच एकाची गाडी आहे आणि दुसऱ्याचं भात गेलंय. एकाच जेवणाच्या ताटावर दोघं भांडतात. फीमधला ठराविक वाटा कडेच्या गावांच्या कुंपणाला लिहून दिला तर पायवाट पण टिकेल आणि गाडी पण. नाहीतर उद्या कुणीतरी कंटाळून कुंपणात चोरून करंट सोडेल, त्यात गवाही जाईल आणि एखादा माणूसही.

गवताची_पात

मी पायवाटेच्या विरोधातच आहे, पण होणारच असेल तर काय असावं ते लिहून ठेवते, नंतर कुणी सांगितलं नाही असं नको.

पाणवठा आणि चाटण, म्हणजे जिथं गवे खारी माती चाटायला येतात, त्या जागांपासून वाट लांब ठेवा. मार्च ते मे आतल्या वाटा बंद. त्या काळात फक्त लपण. सड्यावर उघड्या रेषेत चालायचं नाही, कारण क्षितिजावर उभा माणूस सगळ्यात लांबून दिसतो. वाट सुरू करायच्या आधी एक वर्ष कॅमेरा सापळे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून कळपांच्या वेळा नोंदवा, सुरू झाल्यावर पुन्हा नोंदवा. दिवसाचे गवे रात्रीचे व्हायला लागले तर वाट बंद, चर्चा नाही. गोठ्यातून सरळ रानात येणाऱ्यांनी बूट धुऊन यावं. लाळ्या खुरकूत गुरांतून गव्यांत जातो. बुळकांडीनं १९६८ मध्ये मुदुमलाई-बंडीपूरकडचे गवे मेले होते. तो रोग आता जगातून गेला, पण असे इतर रोग आहेत. आणि ठिकाणासकट थेट रील टाकणं बंद. फोटो घरी जाऊन टाका, जागा सांगू नका. गवा कुठे बसतो हे शिकारी पण वाचतो.

सह्यवाट

मार्च ते मे बंद ठेवलं आणि पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं, तर उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मला चालेल. थंडीत वाटही चांगली असते आणि धुकं उतरल्यावर गवे उन्हाला बाहेर येतात. कॅमेरा सापळ्यांची अटही मान्य. पण तीच मोजणी गाडीच्या रस्त्यावरही व्हावी. पायवाटेला परीक्षा आणि गाडीला माफी, हे चालणार नाही. दोन्हीकडची नोंद शेजारी शेजारी ठेवू आणि मग बोलू.

@शिवारातला, फी कुठं जाते याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते मागायला हवं. मी वनखात्याला निवेदन लिहितोय. त्यात पहिला मुद्दा पायवाटेचा ठेवणार होतो, आता कडेच्या गावांच्या कुंपणाचा ठेवतो आणि पायवाट दुसऱ्या क्रमांकावर. तुमच्याकडून किती गावांची, कुठल्या पिकांची, कुठल्या महिन्यांतली नुकसानी, हे लिहून मिळालं तर निवेदनाला वजन येईल.

गाड्या बंद करण्याची मागणी मात्र त्यात राहणार. टप्प्यानं, कर्ज फिटेपर्यंत मुदत देऊन, पण राहणार.

शिवारातला

गावांची यादी देतो. पिकं आणि महिने पण देतो, माझ्याकडं वहीत लिहिलेलं असतं. पण एक अट लिही. पायवाट आतल्या अंगाला वळवा, शिवाराच्या बाजूला उघडणारी वाट एकही नको. कळप उठला तर तो जंगलाकडं उठला पाहिजे. आणि निवेदनावर माझी सही फक्त कुंपणाच्या मुद्द्याखाली घे, पायवाटेच्या न्हवं.

निवृत्त_मास्तर

मलाही कळवा. गाडीबंदीच्या मुद्द्यावर मी स्वतंत्र पत्र लिहून विरोध नोंदवणार आहे, कुंपणाच्या मुद्द्याखाली मात्र सही करीन.

दाजीपूरचा_वाटाड्या

ताईंनी म्हटलेलं लपण कुठं बसेल ते मी दाखवू शकतो. वाऱ्याच्या हिशोबानं एकच जागा बरोबर आहे, आणि ती आत्ता गाड्या थांबतात त्या जागेपासून लांब आहे. ताई, थंडीत या, वाऱ्याची दिशा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघून ठरवू. सह्यवाट सर, तुम्ही पण या. गाडी फाटकापाशीच ठेवा, तिथून चालत जाऊ.